नाव खोडले, तरी माणूस सापडतो

हजारो माणसांची माहिती एकत्र करायची, संगणकाकडून ती पाखडून घ्यायची आणि उपयोगाचे दाणे वेचायचे, याला ‘डेटा मायनिंग’ म्हणतात. कोणता आजार कोणत्या वयात जास्त, हे त्यातून कळते. काम चांगलेच आहे. पण ही माहिती दुसऱ्याच्या हाती देताना माणसाची खाजगी गोष्ट झाकलेली कशी राहावी?

“त्यात काय, नावं खोडून टाका!” असे आपण म्हणू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० नंतरच्या दशकात नेमके तसेच केले. सरकारी नोकरांच्या औषधोपचाराच्या नोंदी अभ्यासकांना दिल्या. नावे काढली, पण जन्मतारीख, स्त्री की पुरुष आणि टपाल विभागाचा क्रमांक, हे तीन रकाने तसेच ठेवले. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली. तिच्यात हेच तीन रकाने होते, आणि शेजारी नावेही! राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहत. त्यांच्या जन्मतारखेची माणसे निघाली ६, त्यांत पुरुष ३, आणि त्यांच्या टपाल विभागातला एकच. झाले! गव्हर्नरसाहेबांच्या दुखण्याच्या नोंदी हाती आल्या.

मग उपाय काय? जन्मतारखेऐवजी वयोगट लिहावा, गावाऐवजी तालुका. एकेका ओळीसारख्या निदान पाच-दहा ओळी असाव्यात, म्हणजे नेमके बोट ठेवता येत नाही. मात्र त्या दहाही ओळींत एकच आजार असेल, तर गुपित फुटलेच समजा. तेही पाहावे लागते.

गुरुजी, बाई, लहान गावात तर फारच जपायला हवे. ‘पाचवीतली फिट येणारी मुलगी, १’ एवढे लिहिले, की नाव कशाला हवे? सारा गाव ओळखतो. उद्या तिच्या लग्नाच्या बोलणीत तेच आडवे येते.

आपल्या देशात डिजिटल स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा संमत झाला. पण कायदा दूर असतो; यादी आपल्या हातात असते. तेव्हा अभ्यासासाठी कोणी यादी मागितली, तर एकेका रकान्याला विचारा, “तू नसलास तर अभ्यासाचं काही अडेल का?” अडत नसेल, तर तो रकाना खुशाल खोडा.