गाडीतला वीजचोर

पनवेल ओलांडल्यावर पुण्याच्या रस्त्याला गोव्याचा रस्ता जिथे फुटतो, ते पळस्पे आमचे गाव. फाट्यावर रात्रंदिवस गाड्यांची रीघ असते. पण अपरात्री घरात अडचण उभी राहिली, तर आमच्या आळीला आधार एकच, शेजारच्या तात्यांची जुनी जीप.

गेल्या आश्विनात एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. तात्यांनी किल्ली फिरवली. जीप नुसती ‘टक्’ म्हणाली आणि गप्प बसली. आम्ही चौघांनी ढकलली तेव्हा कुठे सुरू झाली. सून वेळेवर पनवेलला पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो. सकाळी तात्या म्हणाले, “सर, वर्षात ही दुसरी बॅटरी घ्यायची पाळी आली.” मी म्हटले, “तात्या, हौद रोज रिकामा होतो म्हणून आपण नवा हौद बांधतो का? नळ कुठे गळतोय ते आधी पाहू.”

आज तुम्हांला सांगायचे ते एवढेच. बॅटरी उतरली म्हणजे ती मेलीच असे नव्हे. दोष तीन ठिकाणी असू शकतो: जोडणीत, भरणीत किंवा गळतीत.

पहिली पाहावी जोडणी. आपल्या कोकणच्या दमट हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. तिच्यातून वीज नीट वाहत नाही. आधी ऋण टोकाची तार काढावी, मग धन टोकाची. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून टोके धुवावीत, कोरडी करावीत, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. जोडताना मात्र ऋण तार शेवटी. गाडीच्या सांगाड्याला गेलेली अर्थची पट्टीही तपासावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

दुसरी भरणी. साधा मीटर लावा. रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना काटा 14 च्या जवळ गेला पाहिजे. तो हलतच नसेल, तर पट्टा सैल आहे का पाहा, नाहीतर अल्टरनेटर मिस्त्रीला दाखवा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नका, अल्टरनेटर जळेल.

हे दोन्ही ठीक असेल तर समजावे, घरात चोर आहे. त्याला पकडायला 5 वॅटचा छोटा बल्ब पुरतो. किल्ली काढा, दिवे बंद करा, दारे लावा. ऋण तार सोडवून ती तार आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये बल्ब जोडा. बल्ब उजळला, तर वीज कुठेतरी पळते आहे. आता फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजबरोबर बल्ब विझेल, त्याच वाटेवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही विझला नाही, तर अल्टरनेटरचा संशय घ्यावा. बल्ब जोडलेला असताना सेल्फ मारू नका. आणि संगणकावर चालणाऱ्या नव्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

तात्यांच्या जीपमध्ये शेवटच्या फ्यूजला बल्ब विझला. मागल्या वर्षीच्या गणपतीत मुलांनी गाण्याचा ॲम्प्लिफायर बसवला होता. त्याची तार किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेली! गाणे बंद, पण यंत्र जागेच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे गणित वर्गात घालण्याजोगे आहे. 5 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर वीज घेतो. 24 तासांत झाले 10 अँपिअर-तास. 50 अँपिअर-तासांची बॅटरी किती दिवसांत रिकामी होईल? मुले सांगतील, पाच दिवसांत. जीप आठवडाभर अंगणात उभी राहिली, तर सहाव्या दिवशी ती कुणाच्या उपयोगाची?

तात्यांनी ती तार किल्लीच्या मागे घेतली. जुनीच बॅटरी भरून आणली; आज ती जीप पहिल्या हाकेला ओ देते. नव्या बॅटरीचे पैसे वाचले, हे खरेच. पण पुढच्या वेळी रात्री एक वाजता कुणाच्या दारी निरोप आला, तर ढकलायला चार माणसे शोधावी लागणार नाहीत, हा लाभ त्याहून मोठा. तुमच्या गावातही अशी एखादी जीप असेल. येत्या रविवारी तिच्यापाशी एक बल्ब घेऊन जा.