अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावरून लोणारास

मलकापुराहून निघालेली मोटार राजूरचा घाट चढू लागली, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील उष्मा मागे पडतो व अजिंठ्याच्या रांगेवर वसलेले बुलढाणे येते. येथील थंड हवेवरच संतुष्ट होऊन प्रवाशाने परत फिरू नये. सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानाचे दर्शन घेऊन पुढे लोणार गाठावे.

अशनिपाताने काळ्या पाषाणात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर गोड्या पाण्याची धार, आणि तळाशी खारे सरोवर! लोककथेत हे लवणासुराचे स्थान. त्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पांस घटकाभर तरी द्यावी. पुष्कळ लोक ती न पाहताच जातात.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढले व क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असे संशोधकांस आढळले. त्याच वर्षी सरोवराची रामसर यादीत नोंद झाली. गोड्या-खाऱ्याचा तोल इतका नाजूक, म्हणून साबण, निर्माल्य वा उष्टे अन्न घेऊन कोणी खाली उतरू नये. उतरावयाचे ते सकाळीच. दुपारच्या उन्हात परतीची चढण फार जड जाते.