एका सेक्शनमध्ये एकच गाडी
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

 

आपल्या अनेक घरांतील मुले, सुना, जावई ओएमआरवरच्या कंपन्यांत काम करतात. त्यांच्या बोलण्यात ‘स्प्रिंट’ हा शब्द सारखा येतो. स्प्रिंटचा शेवट जवळ आला की ही मंडळी आरतीलाही पोचत नाहीत, हे घरच्यांना चांगले माहीत आहे. ती का पोचत नाहीत आणि त्यावर काही उपाय आहे का, हा आजचा विषय. मी डिप्लोमा करून रेल्वेत आलेला माणूस, सॉफ्टवेअर लिहीत नाही. पण गर्दीच्या मार्गावरून गाड्या वेळेत कशा काढायच्या, हा आमचा रोजचा प्रश्न आहे, आणि तुमचा प्रश्नही मुळात तोच आहे.

प्रथम ज्येष्ठांसाठी थोडी ओळख. स्क्रम ही सॉफ्टवेअरचे काम छोट्या टप्प्यांत करण्याची पद्धत. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 मध्ये ती जाहीरपणे मांडली. फार तर महिन्याभराचा, बहुधा दोन आठवड्यांचा एक टप्पा, त्याला स्प्रिंट म्हणायचे. सुरुवातीला कामे निवडायची, रोज पंधरा मिनिटे एकत्र येऊन आढावा घ्यायचा, शेवटी पुरे झालेले काम दाखवायचे. पद्धत चांगली आहे. ती काळाला कुंपण घालते. मात्र त्या कुंपणाच्या आत एका वेळी किती कामे सुरू असावीत, याचा आकडा ती सांगत नाही. घोळ होतो तो तिथेच.

समजा, सात जणांच्या टीमने दोन आठवड्यांसाठी चौदा कामे घेतली. पहिल्या दोन दिवसांतच चौदाही कामे सुरू होतात. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन. फलकावर सगळीकडे ‘काम चालू’ दिसते, साहेब खूश. आठव्या दिवशी लिहिणाऱ्यांची दहा कामे एकदम संपतात आणि तपासणाऱ्या दोघांच्या पुढ्यात येऊन पडतात. मग रात्रीची जागरणे. शेवटच्या दिवशी पाच कामे पुरी, नऊ अर्धवट. आळशी कोणीच नव्हते, सगळे राबले. तरीही बोलणी बसतात ती बहुधा रांगेच्या शेवटी असलेल्या तपासणाऱ्यांना.

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या भागाला ब्लॉक सेक्शन म्हणतात. जुन्या टोकन पद्धतीत दोन्ही स्टेशनांवर विजेने एकमेकांना जोडलेली यंत्रे असत. मागच्या स्टेशनने लाइन क्लिअर मागायची, पुढच्याने ती दिली तरच यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर येई. मोठ्या कड्याला लावलेल्या पिशवीतून तो गोळा ड्रायव्हरच्या हाती दिला जाई. तो हातात असणे म्हणजेच सेक्शनमध्ये जाण्याचा परवाना. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नसे. आता बहुतेक ठिकाणी टोकनलेस यंत्रे आली आहेत, पण तत्त्व तेच आहे.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. दुसरी अधिक महत्त्वाची. गाडी पुढे ढकलण्याचा अधिकार मागच्या स्टेशनकडे नाही. ती घ्यायची की नाही, हे पुढचे स्टेशन ठरवते. गाडीत कितीही मोठा अधिकारी बसलेला असो, लाइन क्लिअर नसेल तर गाडी थांबते, आणि त्याबद्दल स्टेशन मास्तरला कोणी बोल लावत नाही.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना याची दुसरी बाजूही माहीत आहे. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी. उत्सवाच्या जादा गाड्या सुटल्या की क्रॉसिंगसाठी थांबणे वाढते आणि नेहमीच्या गाड्याही रखडतात. प्रवाशांची सोय म्हणून त्या गाड्या सोडाव्याच लागतात. पण मार्ग तेवढाच ठेवून गाड्या वाढवल्या की प्रत्येक गाडीचा वेळ वाढतो. त्यात ड्रायव्हरचा काहीही दोष नसतो.

हाच विचार कारखान्यात नेला जपानच्या टोयोटा कंपनीतील ताइची ओनो यांनी. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने माल उचलला की तेवढाच पुन्हा मांडतात, ही कल्पना त्यांना भावली. 1950 च्या दशकात त्यांनी कारखान्यात कार्डांची पद्धत बसवली. पुढच्या विभागाकडून कार्ड आल्याशिवाय मागच्याने नवा भाग करायचा नाही. कानबान या जपानी शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक. थोडक्यात, ते कार्ड म्हणजे आमचा गोळाच!

सॉफ्टवेअरमधले सुरुवातीचे एक गाजलेले उदाहरण चेन्नईपासून फार लांबचे नाही. 2004 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आयटी विभागासाठी दुरुस्ती-देखभाल करणारी एक छोटी टीम हैदराबादेत होती. एखादी मागणी पुरी व्हायला सरासरी पाच महिने लागत. डेव्हिड अँडरसन आणि ड्रागोस दुमित्रिउ यांनी तिथे लक्ष घातले. नवी मागणी आली की हातचे काम सोडून तिला किती वेळ लागेल याचा अंदाज द्यावा लागे, आणि टीमची बरीच ताकद त्यातच जाई. ते अंदाज त्यांनी बंद केले. रांगेला मर्यादा घातली. जागा रिकामी झाली की पुढचे काम कोणते, हे मागणी करणाऱ्या विभागांनी आपसात ठरवायचे. सुरुवातीला माणसे वाढवली नाहीत, पद्धत तेवढी बदलली. नऊ महिन्यांत पाच महिन्यांचा काळ दोन आठवड्यांच्या आसपास आला. अँडरसन यांनी पुढे हीच दिशा धरून सॉफ्टवेअरसाठी कानबान पद्धत मांडली.

यात जादू काही नाही. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे. एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातली कामे भागिले कामे संपण्याचा वेग. हातात 24 कामे आणि आठवड्याला 6 संपतात, तर प्रत्येकाला सरासरी 4 आठवडे. वेग तोच ठेवून हातात 12 च ठेवली, तर 2 आठवडे. कोणालाही जास्त पळायला लावलेले नाही.

मग यासाठी स्क्रम सोडायचे का? मुळीच नाही. श्वेबर यांनीच स्थापन केलेल्या स्क्रम डॉट ऑर्गने 2018 मध्ये स्क्रम टीमसाठी कानबानची मार्गदर्शिका काढली. स्प्रिंट, रोजची बैठक, आढावा, सगळे तसेच ठेवून आत काही गोष्टी जोडायच्या. माझ्या समजुतीप्रमाणे त्या अशा :

1. फलक खरा करा. ‘करायचे, चालू, झाले’ एवढ्या तीन रकान्यांत खरी अडचण लपते. ‘तपासणीसाठी थांबलेले’ असा वेगळा रकाना हवा. गाडी धावते आहे की लूप लाइनवर उभी आहे, हे दिसले पाहिजे.

2. प्रत्येक रकान्यावर आकडा लिहा. तपासणीत तीन म्हणजे तीनच. चौथे आले तर लिहिणाऱ्याने नवे काम उचलायचे नाही. तपासणीला हात द्यायचा.

3. रोजच्या बैठकीत फलक उजवीकडून डावीकडे वाचा. ‘काल तू काय केलेस?’ यापेक्षा ‘शेवटाला आलेले हे काम कशाने अडले आहे?’ हा प्रश्न आधी विचारा.

4. कामाचे वय मोजा. कोणते काम किती दिवस उभे आहे, ते कार्डावर दिसू द्या. उकडीचे मोदक करणाऱ्या भगिनींना हे सांगायला नको. मोदकपात्रात मावतील त्यापेक्षा जास्त पाऱ्या करून ठेवल्या तर त्या वाळतात, चिरतात. थांबलेले कामही असेच शिळे होते. लिहिणाऱ्याला तीन आठवड्यांनी आपलेच लेखन नव्याने समजून घ्यावे लागते.

5. तातडीच्या कामाला एकच मार्ग ठेवा. अपघातस्थळी निघालेल्या मदत गाडीला आम्ही सर्वांत आधी वाट देतो. पण रोज दहा गाड्या मदत गाडी म्हणून धावू लागल्या तर तिला अर्थ राहत नाही.

6. पुढच्या स्प्रिंटमध्ये किती कामे घ्यायची, हे मागच्या काही स्प्रिंटमध्ये प्रत्यक्षात किती संपली ते पाहून ठरवा. रकान्यांवरचे आकडेही आढाव्यात तपासा, जमेल तसे बदला.

यावर अधिकारी मंडळी हमखास विचारतात, ‘मर्यादा घातली आणि माणूस रिकामा बसला तर?’ प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे सेक्शन काही वेळ रिकामा दिसतो, म्हणून आम्ही त्यात दोन गाड्या घालत नाही. तो रिकामेपणा आहे म्हणून पुढची गाडी न अडता जाते. ज्याच्या हाताला काम नाही त्याने अडलेल्या कामाला हात लावावा, एवढाच नियम. आणि तपासणारे खरोखरच कमी असतील तर मर्यादेने ते भरून निघणार नाही, पण ती कमतरता सर्वांना दिसेल. कोणते काम हवे हेच ठरलेले नसेल, तर त्यावर मात्र कोणताही फलक उपाय करू शकणार नाही.

एक धोकाही सांगतो. हा फलक माणसांना तोलण्यासाठी वापरू नका. कोणाची किती कार्डे सरकली याची मोजणी सुरू झाली की लोक कार्डे सरकवतील आणि काम तिथेच राहील.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्याने नोकरीला लागलेला मुलगा किंवा मुलगी वरिष्ठाला ‘नाही’ म्हणू शकत नाही. परगाव, भाड्याचे घर, नोकरीची काळजी. कोणीही काम आणून दिले की इथल्या रीतीने ‘सरि, सरि’ म्हणून मान डोलावायची. स्टेशन मास्तरला अधिकाऱ्याशी वाद घालावा लागत नाही, कारण त्याच्या वतीने यंत्रच नाही म्हणते. फलकावरचा तो लहानसा आकडा या मुलांसाठी तेच करतो. ‘मला जमणार नाही’ असे एकट्याने म्हणण्याऐवजी ‘जागा नाही, यातले कोणते आधी संपवू?’ असे विचारता येते. त्यात उद्धटपणा नाही, कामचुकारपणाही नाही. म्हणून तुमच्यापैकी जे टीम लीडर, मॅनेजर आहेत त्यांना माझी विनंती आहे. हा आकडा तुम्ही स्वतः लिहा आणि पहिल्यांदा तुम्ही स्वतः पाळा. वरच्याने मोडला तर खालच्याच्या हातात काही उरत नाही.

हाती घेतलेले तडीस न्यावे, मगच दुसरे घ्यावे, ही आपल्या वाडवडिलांचीच शिकवण आहे. जपानी नावाने आली तरी ती आपलीच माना. तुमच्या कामातली विघ्ने गणराय दूर करोत आणि पुढच्या वर्षी आरतीला तरुणांची संख्या याहून मोठी दिसो, अशी प्रार्थना करून थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!