जॅकखालचं लाकूड

भिवंडी म्हटलं की तुमच्या कानात यंत्रमागांची खटखट सुरू होते. ती अजून थांबलेली नाही. पण आमच्या तालुक्याची दुसरी ओळख आता गोदामांची आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली नाक्याला वळलात की गुंदवली, दापोडे, वळ, राहनाळ अशी गावं लागतात. मुंबईच्या वेशीबाहेर माल उतरवला की जकात लगेच भरावी लागत नसे, म्हणून इथे गोदामं वाढली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली.

ही बहुतेक जागा एके काळी भातशेतीची. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवणारी माती. तिच्यावर मुरमाचा भराव पडला, कुठे काँक्रीट आलं, कुठे नुसतीच खडी पसरली. वरून जमीन टणक दिसते. जुलैत भरावात पाणी मुरलं की खालचं खाचर आपला मूळ स्वभाव दाखवतं. अशा जमिनीवर न्हावा-शेव्याहून आलेले चाळीस फुटी कंटेनर उभे असतात. त्यांचे टायर बदलले जातात, पाटे दुरुस्त होतात, गाड्या जॅकवर चढतात. आज मला त्या जॅकविषयी बोलायचं नाही. त्याच्याखाली जो लाकडाचा ठोकळा ठेवतात, त्याच्याविषयी बोलायचं आहे.

बी.ए. होऊन मी दापोड्याच्या एका गोदामात बरीच वर्षं मालाची आवक-जावक लिहिली. कविता रात्री, वही दिवसा. खिडकीतून गाड्यांचं आवार दिसायचं. एका पावसाळ्यात तिथे एका क्लीनर पोराचा हात गेला. गाडी भरलेली, टायर बसलेला, जॅक भरावाच्या कडेला लावलेला. जॅक मोडला नाही. तो दांडगा होता. त्याची बैठक एका बाजूने हळूहळू मातीत गेली, जॅक तिरपा झाला आणि निसटला. पोरगा वाचला, पण त्या हाताची मूठ पुन्हा नीट वळली नाही. त्या दिवशी आमच्या वहीत एवढीच नोंद झाली : गाडी तीन तास उशिरा सुटली.

नंतर बीडकडच्या एका जुन्या ड्रायव्हरने मला त्यातली मेख सांगितली. म्हणाला, "भाई, जॅक वर ढकलतो तेवढाच खालीही ढकलतो. वरचं लोखंड दाद देत नाही, मग खालची माती देते. जॅक काय करील बिचारा?" त्याच्या केबिनमध्ये सागाचे दोन जाड तुकडे असत. त्याचा क्लीनर त्याला उस्ताद म्हणायचा आणि ते तुकडे काढल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

उस्तादाचं बोलणं हिशेबात मांडून पाहा. जॅकची बैठक बारा सेंटिमीटर लांब, बारा सेंटिमीटर रुंद धरू. म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. तिच्यावर पाच टन भार आला, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो दाब पडतो. माणूस चालताना एका पावलावर येतो, तेव्हा हा दाब अर्ध्या किलोच्याही आत असतो, आणि तेवढ्यानेही आपण खाचरात घोट्यापर्यंत रुततो. आता त्याच जॅकखाली चाळीस बाय चाळीसचा जाड ठोकळा ठेवा. भार तेवढाच, पण तो १६०० चौरस सेंटिमीटरवर पसरला. दाब तीन किलोवर आला. बाजू दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं आणि दाब चौथाईवर येतो. पाचवी-सहावीतल्या पोराला जमेल एवढंच हे गणित आहे.

आपल्या घरांत हे ज्ञान पूर्वीपासून आहे. डोक्यावर हंडा घ्यायचा तर आधी चुंबळ ठेवायची. हंड्याचं वजन चुंबळीने कमी होत नाही, ते एका जागी टोचत नाही इतकंच. गोल बुडाचं भांडं जमिनीवर ठेवतानाही तिचाच आधार. डगमगत्या माग-यंत्राच्या पायाखाली लाकडाचा, रबराचा तुकडा सरकवणारा कारागीरही तेच करत असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तीही याच तत्त्वावर. चाकाचा भार रुळावर, रुळाचा स्लीपरवर, स्लीपरचा खडीवर, आणि सगळ्यात शेवटी मातीवर. मातीपर्यंत पोहोचेतो तो भार पसरून सौम्य झालेला असतो.

मात्र ठोकळा म्हणून काहीही चालत नाही. पातळ प्लायवुड भाराखाली मधोमध वाकतं, मग कडा उचलल्या जातात आणि रुंदी नावालाच उरते. विटा आणि पोकळ सिमेंटचे ब्लॉक अचानक फुटतात. गोल दगड सरकतो. चांगलं जाड लाकूड बरं, कारण ते बहुधा एकदम दगा देत नाही, आधी चेपतं, करकरतं, म्हणजे सावध करतं. उंची हवी असेल तर एकावर एक सारखेच तुकडे रचू नयेत. एक थर उभा, त्यावरचा आडवा, असे रचावेत. भिवंडीच्या माणसाला हे सांगायला नको, कापड याच रीतीने टिकतं. तरीही उंच मनोरा करू नये. बैठक रुंद आणि रचना ठेंगणी असावी. जॅक ठोकळ्याच्या मधोमध यावा. उरलेल्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नये, आधी घोडी लावावी आणि तिच्याखालची जमीनही तपासावी.

हे फक्त मालवाहू गाड्यांपुरतं आहे असं समजू नका. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरच्या घरात झोपायची, स्वयंपाक करायची हौस आता मराठी कुटुंबांनाही लागते आहे. अशी गाडी मुक्कामाला उभी केली की ती डुलू नये म्हणून चार कोपऱ्यांत पाय खाली सोडतात. जमीन रानातली, तलावाकाठची, पावसाने भिजलेली. रात्री एक पाय रुतला की गाडी कलते, दार अडकतं, शेगडीवरचं भांडं सरकतं. तिथेही प्रत्येक पायाखाली रुंद पाट हवा, आणि सर आली की उठून एकदा बघायला हवं. ते पाय गाडी स्थिर ठेवण्यासाठी असतात, टायर बदलायला ती उचलण्यासाठी नाहीत, हेही ध्यानात असू द्यावं.

आर्किमिडीजबद्दल एक आख्यायिका आहे. पुरेशी लांब तरफ आणि उभं राहायला जागा मिळाली तर पृथ्वी हलवून दाखवतो, असं तो म्हणाला होता म्हणे. आपल्या सगळ्यांच्या लक्षात तरफ राहिली. उभं राहायची जागा मागितली होती, हे आपण विसरलो.

गाडीबरोबर जॅक मिळतो, पाना मिळतो. ठोकळा बहुधा मिळत नाही. तो क्लीनर कुठून तरी शोधून आणतो : मोडक्या पॅलेटची फळी, कुंपणाचा खांब, नाहीतर मिळेल तो दगड. ज्याच्या अंगावर गाडी येणार, त्यानेच अंधारात, पावसात लाकूड शोधत फिरायचं, ही आपल्याकडची रीत. गाडीमालकांनी प्रत्येक गाडीत दोन जाड ठोकळे आणि चाकांच्या अडणी ठेवल्या, गोदामवाल्यांनी आवारात टायर बदलायला काँक्रीटची एक पक्की जागा राखली, तर लाखांच्या व्यवहारात तो खर्च कुठे दिसणारही नाही. आणि तुमची गाडी रस्त्यात बंद पडून कुणी पोरगा जॅक घेऊन खाली वाकलाच, तर त्याला घाई करू नका. जॅक कशावर ठेवलाय, एवढं विचारा.