प्रतिपिंडांचा लगाम आणि ओतशाळेतील धूळ



डिझेल इंजिनाचा गव्हर्नर निकामी झाला तर काय होते, हे येथे कोणाला सांगावयास नको. इंधन मिळत राहते, वेग वाढत जातो आणि यंत्र स्वतःचाच नाश ओढवून घेते. शरीरात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींनाही असाच नियंत्रक असतो.

जंतूचा अंश बी-पेशीवरील ग्राहक-प्रथिनाला चिकटला की आत संदेश सुरू होतो. एका प्रथिनावर फॉस्फेट बसते, ते पुढच्याला जागे करते. पेशींची संख्या वाढते आणि प्रतिपिंडे बाहेर पडू लागतात. मौज अशी की, ‘लिन’ नावाचे जे विकर हा संदेश चालू करते, तेच तो आवरण्याचीही तजवीज करते. सीडी-२२ या प्रथिनाच्या आतील टोकावर ते फॉस्फेट बसविते. तेथे एसएचपी-१ हे दुसरे विकर येते आणि संदेशवाहक प्रथिनांवरील फॉस्फेट उतरवू लागते. सीडी-२२ ला आपल्याच पेशींवरील सियालिक आम्लाची ओळख पटते. म्हणून घरच्यांवर उगारलेला हात बहुधा वेळीच धरला जातो. याखेरीज, प्रतिपिंडे पुरेशी झाली की ती जंतूच्या अंशासह बी-पेशीवरील आणखी एका ग्राहकाला अडकतात व उत्पादन मंदावते. गोदाम भरले की भट्टी मंद करावी, तसेच हे. लिन नसलेल्या उंदरांत स्वतःच्या शरीराविरुद्धची प्रतिपिंडे आणि मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

फौंड्रीशी याचा संबंध वाळूतून येतो. साचा फोडताना आणि कास्टिंग घासताना उडणारी सिलिकेची सूक्ष्म धूळ फुफ्फुसात शिरते. तेथील भक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, दाह पेटता राहतो आणि बी-पेशींना चेतवणी मिळत राहते. अशा वेळी लगाम अपुरे पडू शकतात. दक्षिण वेल्समधील कोळसा-खाणकामगारांत धुळीने ग्रासलेली फुफ्फुसे आणि रुमॅटॉइड संधिवात यांची सांगड कॅप्लन यांनी १९५३ मध्ये दाखविली. पुढे सिलिकेच्या धुळीत काम करणाऱ्यांतही हा संधिवात अधिक आढळला. या रोगात तपासला जाणारा ‘आर. ए. फॅक्टर’ म्हणजे स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड होय!

धुळीला धूम्रपानाची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो. निपाणीच्या तंबाखूने या भागाला पैसा दिला हे खरे. पण धुळीत राबणाऱ्याने बिडी ओढणे हे दुहेरी संकट आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिस कळविणे बंधनकारक केले. सांध्यांचे हे दुखणे त्या यादीत नव्हते. त्यामुळे ते वयाच्या माथी मारणे सोपे गेले. धूळ उगमापाशीच शोषून घेणारी यंत्रणा बसविणे व वाळू ओलसर ठेवणे ही कारखानदाराची जबाबदारी आहे; केवळ तोंडाला रुमाल बांधून ही सूक्ष्म धूळ अडत नाही. कपड्यांवरील धूळ हवेच्या नळीने उडवू नये. सकाळी बोटांचे सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले राहू लागले, तर डॉक्टरांना दुखण्याबरोबरच आपण कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले तेही सांगावे.