नित्यनियम टिकतो कसा?



चातुर्मासाच्या आरंभी मठात दर्शनास येणारी मंडळी कोणता ना कोणता नियम धरून घरी परततात. कोणी पहाटे उठण्याचा, कोणी एकभुक्त राहण्याचा, कोणी चहा वर्ज्य करण्याचा. आषाढात धरलेला नियम श्रावणात उत्साहाने चालतो, भाद्रपदात चवथीच्या पाहुण्यांत अडखळतो, आणि आश्विनात त्याची आठवणही नकोशी होते. अशा गृहस्थास आरंभशूर म्हणून हिणवण्याची रीत आहे. परंतु हिणवल्याने कोणाचा नियम टिकल्याचे ऐकिवात नाही. उणीव बहुधा त्याच्या निष्ठेत नसते. ती असते नियम धरण्याच्या पद्धतीत.

प्रश्न केवळ पुण्यसंचयाचा असता तर तो ज्याच्या त्याच्यावर सोपवता आला असता. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत वीस व त्याहून अधिक वयाच्या लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण देशात शेकडा ११.४ आढळले, आणि गोव्यात शेकडा २६.४. सर्व राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक. पंक्तीस चार प्रौढ माणसे बसली तर त्यांतील एकाच्या पानात काय वाढावे याचा विचार गृहिणीस करावा लागतो, असा त्याचा सरळ अर्थ. वैद्य व डॉक्टर सांगतात त्यात नवे काही नसते : रोज चालावे, रात्री लवकर जेवावे, वेळेवर निजावे. हे ठाऊक नसलेला मनुष्य विरळा. अडचण जाणण्याची नसून आठव्या दिवशीही तेच करण्याची आहे.

प्राचीन वैद्यकाने या अडचणीचा विचार केलेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा. ब्राह्ममुहूर्ती उठणे, दंतधावन, अभ्यंग, व्यायाम, स्नान हा क्रम त्यात आहे आणि तो अनेकांस मुखोद्गतही असतो. परंतु खरी मेख पुढे त्याच स्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. अंगवळणी पडलेले अपथ्य एकदम टाकू नये, चतुर्थांशाने किंवा त्या चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने टाकावे, असे तेथे सांगितले आहे. आणि एकाएकी केलेल्या त्यागाने किंवा स्वीकाराने रोग उद्भवतात असा इशाराही दिला आहे. चरकसंहितेतही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात हाच पादांशिक क्रम आहे. प्रत्येक पायरीनंतर काही दिवस थांबावे, मग पुढची पायरी चढावी. अशा क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण अढळ होतात, असे चरकाचे मत.

हे गणित घरात मांडून पाहावे. रात्री दहा वाजता जेवणाऱ्यास आठ वाजता जेवायचे आहे. अंतर दोन तासांचे. त्याचा चतुर्थांश अर्धा तास. प्रथम साडेनऊ, तेथे काही दिवस स्थिरावणे, मग नऊ. ज्यास अर्ध्या तासाचीही ओढाताण होते त्याने वाग्भटाचा दुसरा पर्याय घ्यावा, म्हणजे साडेसात मिनिटे! इतके अल्प पाऊल टाकण्यात कसला पराक्रम, असे वाटेल. पराक्रम नाहीच, आणि तेच इष्ट आहे.

व्यायामाविषयीही हाच विवेक. बलवानानेसुद्धा अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्ची पडले, ही सुश्रुताची खूण. अतिसाहस करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असा दृष्टांत वाग्भटाने दिला आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यास माणसाच्या उंचीइतकी जमीन पुरत असे. साधन थोडके असले की सबबही थोडक्या उरतात.

आता अर्वाचीन संशोधनाकडे वळू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ९६ व्यक्तींनी खाणे, पिणे किंवा हालचाल यांपैकी एकेक लहान कृती निवडून ती दिवसातील एका ठराविक प्रसंगास जोडली व बारा आठवडे चालवली. ती विनासायास घडू लागण्यास लागणारा मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला. परंतु कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ लागतील असा अंदाज आला. संन्याशांचा चातुर्मास चार पक्षांचा, म्हणजे सुमारे साठ दिवसांचा, आणि गृहस्थांचा त्याच्या दुप्पट. या जुळण्यावरून कोणी शास्त्रार्थ काढू नये. पण एकवीस दिवसांत सवय लागते असे सांगत फिरणाऱ्यांपेक्षा पंचांग अधिक धीराचे आहे, इतके खचित.

त्या प्रयोगातील ‘ठराविक प्रसंग’ हे शब्द महत्त्वाचे. जुन्या घरांतून दिवेलागण झाली की मुले परवचा म्हणावयास बसत; घड्याळ पाहण्याचे कारण नसे. आता बटण दाबून दिवा केव्हाही लागतो, त्यामुळे ती वेळच हरवली. तरी प्रत्येक घरात काही अढळ क्षण शिल्लक आहेत. सकाळी पोदेराचा भोंगा वाजतो, तुळशीला पाणी घातले जाते, देवापुढे समई लागते. ‘रोज चालेन’ हा नियम निराधार लोंबकळतो; ‘समई लावली की चपला घालून देवळापर्यंत जाऊन येईन’ या नियमास खुंटी मिळते. उठण्याची वेळही अशीच बांधावी. शरीरातील कालगणनेच्या शोधासाठी तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही अंतर्गत गणना सकाळच्या उजेडाने रोज जुळवली जाते. झोप आज्ञेने येत नाही, उठणे मात्र आपल्या हाती आहे. म्हणून प्रारंभ उठण्यापासून करावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. यजमानांच्या ब्राह्ममुहूर्ताचा चहा ज्या माउलीस करावा लागतो ती त्यांच्याही आधी उठलेली असते. रात्रीचे जेवण आठास हवे, पण स्वयंपाकास हातभार नको, अशा घरात दिनचर्या एकाची होते आणि भार दुसरीवर पडतो. तसे नियम फार दिवस टिकत नाहीत, आणि टिकले तरी त्यांचे कौतुक नको.

नियम मोडतो तो मुख्यतः मोडल्यानंतर. चवथीला नेवऱ्या झाल्या, सुतक आले, परगावी जावे लागले. एक दिवस चुकला आणि ‘आता काय, मोडलेच’ म्हणून उरलेला चातुर्मास सोडून दिला. लंडनच्या प्रयोगात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही. धर्मशास्त्रानेही व्रतभंगास प्रायश्चित्त सांगितले ते व्रत पुन्हा चालू व्हावे म्हणूनच. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपवासाचा नियम डॉक्टरांस विचारल्याविना धरू नये. तेथे नियम मोडणे हेच कधी कधी कर्तव्य ठरते.

उरला उद्यापनाचा प्रश्न. चातुर्मासाचा नियम मुदतीचा असतो म्हणून धरण्यास सोपा. पण कार्तिकी एकादशीनंतर तो संपतो आणि चार महिन्यांची घडी आठवड्यात विस्कटते. चरकाचा क्रम येथेही लागू करता येईल. उद्यापनाच्या दिवशी सर्व सोडण्याऐवजी एक चतुर्थांश राखून ठेवावा. एकभुक्त संपले तरी रात्रीचे पान आठलाच मांडले जावे. पहाटेचे नामस्मरण आटोपते घेतले तरी उठण्याची वेळ तीच असावी. कोणता भाग राखायचा हे तुळशीच्या लग्नापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात त्याचा खुलासा करीत बसावे लागणार नाही.