बालकांचा मोतीबिंदू : शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल
(वार्षिक सभेतील भाषणाचा संपादित भाग)



मोतीबिंदू म्हटले की आपल्याला आजी-आजोबा आठवतात. त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळाला मोतीबिंदू आहे असे सांगितले की घरच्या मंडळींचा विश्वास बसत नाही. आणि बसला तरी ‘जरा अंगाने भरू द्या, मग पाहू’ असे उत्तर येते. आजोबांचा मोतीबिंदू वर्षभर थांबला तरी तो काढल्यावर त्यांना बहुधा पूर्ववत दिसू लागते. बाळाचे तसे नाही.

पाहणे हे डोळ्याइतकेच मेंदूचे काम असून मेंदूला ते शिकावे लागते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतर काही आठवडे बंद ठेवला. पुढे तो उघडला तेव्हा डोळा जवळजवळ निर्दोष होता. मेंदूने मात्र त्याचे संदेश स्वीकारणे सोडले होते. दृष्टीविषयीच्या त्यांच्या संशोधनास १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाळाच्या बाहुलीमागील दाट मोतीबिंदू ही अशीच बांधलेली पट्टी होय. म्हणून तो एकाच डोळ्यात असल्यास सुमारे सहा आठवड्यांच्या वयापर्यंत, दोन्ही डोळ्यांत असल्यास आठ ते दहा आठवड्यांपर्यंत शस्त्रक्रिया व्हावी असा आमचा आग्रह असतो. त्याहून फार घाई केल्यास पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. बारीक, कडेचा ठिपका असेल तर पुष्कळदा केवळ लक्ष ठेवणे पुरते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. बालकाचे भिंग मऊ असल्यामुळे ते बारीक छेदातून शोषून घेता येते. परंतु भिंगामागचा पडदा लहान मुलांत झपाट्याने धुरकट होतो. मोठा माणूस नंतर लेसरसमोर स्थिर बसतो. तान्हे बाळ कसे बसणार? म्हणून त्या पडद्याला त्याच वेळी वाट करून द्यावी लागते.

‘आत भिंग बसवले ना?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. नवजात बाळाचा डोळा सुमारे १७ मिलिमीटर लांबीचा असतो, प्रौढाचा सुमारे २३. आज बसवलेले भिंग वाढत्या डोळ्याला उद्या जुळत नाही. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ तान्ह्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षांच्या वयात भिंग बसवलेल्या आणि न बसवलेल्या बालकांच्या दृष्टीत लक्षणीय फरक आढळला नाही. भिंग बसवलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया मात्र अधिक लागल्या. म्हणून साधारण सात महिन्यांखालील बाळांत भिंग न बसवता कॉन्टॅक्ट लेन्स किंवा चष्मा देणे बहुधा श्रेयस्कर ठरते. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर खेड्यातल्या घरी जाड चष्माच अधिक टिकतो, असे माझे मत आहे.

खरे कष्ट यापुढे सुरू होतात. चष्म्याचा नंबर बदलत राहतो. डोळ्यातील दाब वर्षानुवर्षे तपासावा लागतो, आणि तान्ह्या वयात त्यासाठीही भूल लागू शकते. एकच डोळा आजारी असेल तर रोज काही तास पट्टी बांधावी लागते, आणि ती चांगल्या डोळ्यावर, हे येथे उपस्थित असलेल्या आज्यांनी कृपया ध्यानात घ्यावे! मूल रडते, पट्टी ओढून काढते. आईचा जीव तुटतो. त्यातच बसभाडे आणि बुडालेली मजुरी जमेस धरली की कुटुंब तपासणीला येईनासे होते. शस्त्रक्रियेचा खर्च उचलणारे दाते भेटतात, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. चौथ्या चष्म्यासाठी आणि सातव्या फेरीच्या भाड्यासाठी सहसा कोणी विचारत नाही. देणगीदारांनी यंदा आपल्या देणगीचा काही भाग या खर्चासाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.

उशिरा आलेल्या मुलालाही परत पाठवू नये. प्राध्यापक पवन सिन्हा यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून न पाहिलेल्या मोठ्या मुलांवर उपचार झाले. त्यांची नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही. तरी कित्येकांना वस्तू आणि चेहरे हळूहळू ओळखता येऊ लागले.

पालकहो, बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा छायाचित्रात एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे यावे. पांढरी झाक क्वचित डोळ्यातील गाठीचीही असते, आणि तिचे निदान तर त्याहून तातडीचे असते.